हळदीची रात्र आणि सकाळचा नमुना

प्रश्न : डॉक्टर ताई, नमस्कार. मी येवला तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. माझी धाकटी बहीण २३ वर्षांची, वेटलिफ्टिंग करते. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागली आहे. गेल्या महिन्यात आमच्या चुलत भावाची हळद होती, म्हणून ती शिबिरातून दोन दिवसांची सुट्टी काढून आली. रात्री मुक्काम कुठे ते तिला डोपिंगवाल्यांना आधी कळवावं लागतं, तसा तिने काकांच्या घराचा पत्ता मोबाइलवर भरला होता. हळद लागल्यावर सगळ्या बहिणी गच्चीवर जमल्या. तिथे बिअर आली. तिनेही घेतली, तीन-चार ग्लास झाले असतील. झोपायला एक वाजला. सकाळी साडेसहाला दोन माणसं दारात, एक बाई आणि एक पुरुष. मांडवात पाहुणे चहा घेत बसलेले, आणि माझी बहीण त्या बाईंबरोबर मोरीत. एक भाऊ हळूच म्हणाला, घरात नाही म्हणून सांगून टाकू. पण ती स्वतःच पुढे झाली. नमुना दिला. फॉर्मवर लोहाच्या गोळ्या लिहिल्या, बिअरचं काही लिहिलं नाही, कारण काका शेजारीच उभे होते. तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, या वेळी शिबिरात. आता तिची खोलीतली मैत्रीण म्हणते, दारूने बायकांचं टेस्टोस्टेरॉन वाढतं, तू अडकणार. बहीण धड जेवत नाही, रात्री फोन करून रडते. आईला यातलं काही ठाऊक नाही. ती अडकेल का? कुणाला कळवायला हवं का? आणि बिअरने खरंच असं होतं का?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी बहिणीला हे सांगा की त्या सकाळी जे करायला सर्वात जास्त धीर लागतो, ते तिने केलं. ती दारात आली. भावाचं ऐकून ती आतल्या खोलीत बसली असती आणि कुणी ‘ती इथे नाही’ म्हणून सांगितलं असतं, तर आज मी फार वेगळं उत्तर लिहीत असते. नमुना देणं टाळणं हा नियमानुसार स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा ४ वर्षांपर्यंत जाते, अगदी स्टिरॉइड सापडावं तितकी. नुसतं ठरलेल्या तासाला सांगितलेल्या जागी न सापडणंसुद्धा मोजलं जातं. १२ महिन्यांत असं ३ वेळा झालं की कारवाई होते. तिने लग्नघराचा पत्ता भरला, वेळेवर दार उघडलं, वऱ्हाडासमोरून त्या बाईंबरोबर गेली. २३ वर्षांच्या मुलीला आपल्या माणसांच्या गर्दीत हे किती जड गेलं असेल, याची मला चांगली कल्पना आहे. मी काही वर्षं हे नमुने घेण्याचं काम केलं आहे. पहाटे दार वाजवणारी ती बाई मी होते.

आता बिअर. दारू हा प्रतिबंधित पदार्थ नाही, वेटलिफ्टिंगमध्ये तर नाहीच. तिरंदाजी, मोटार शर्यती, हवाई खेळ आणि पॉवरबोट यांत स्पर्धेच्या वेळी दारूला बंदी होती, तीही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, १ जानेवारी २०१८ पासून आपल्या यादीतून काढली. एक जुनी गोष्ट सांगते. ऑलिंपिकमध्ये उत्तेजकांच्या चाचणीत बाद झालेला पहिला खेळाडू दारूमुळेच बाद झाला. १९६८, मेक्सिको. स्वीडनचा आधुनिक पेंटॅथलॉनपटू हान्स-गुन्नार लिल्येनवाल. पिस्तुलाच्या फेरीआधी हात स्थिर राहावा म्हणून दोन बिअर घेतल्याचं त्याने सांगितलं, आणि स्वीडनच्या संघाला कांस्यपदक परत करावं लागलं. त्या काळचा तो नियम आज तुमच्या बहिणीला लागू नाही. तिच्या लघवीत दारू सापडली म्हणून तिला कुणी शिक्षा करू शकत नाही.

मैत्रीण म्हणते त्यातला अर्धा भाग मात्र खरा आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे.

तुमच्याकडचंच उदाहरण घेते. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोच्या हंगामात रिकाम्या क्रेटना किती मोल येतं ते तुम्ही पाहिलं असेल. माल आहे, गाडी आहे, पण रिकामं क्रेट नाही म्हणून सगळं अडतं. यकृतात असेच क्रेट असतात. रसायनशास्त्रात रिकाम्या क्रेटला एनएडी म्हणतात आणि भरलेल्याला एनएडीएच. दारू मोडायला यकृताला रिकामी क्रेट लागतात आणि ती भराभर भरत जातात. तीन-चार ग्लास बिअर मोडेपर्यंत यकृताचं आवार भरलेल्या क्रेटनी गच्च होतं. आता त्याच आवारात दुसरं एक काम चालू असतं. अँड्रोस्टेनेडिओन नावाच्या हार्मोनपासून टेस्टोस्टेरॉन तयार होतं, आणि टेस्टोस्टेरॉनपासून उलट अँड्रोस्टेनेडिओनही होतं. रस्ता दोन्ही बाजूंनी खुला. भरलेली क्रेट फार झाली की ही देवाणघेवाण टेस्टोस्टेरॉनच्या बाजूला झुकते. दारू मोडून झाली, क्रेट रिकामी झाली, की रस्ता पुन्हा पहिल्यासारखा.

हे कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. फिनलंडमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात दारू घेतलेल्या स्त्रियांचं रक्त तपासलं, तेव्हा टेस्टोस्टेरॉन वाढलेलं आणि अँड्रोस्टेनेडिओन उतरलेलं दिसलं. पुढे त्यांनी दारू मोडणारा एन्झाइम औषधाने अडवून पाहिला, तर ही वाढ झालीच नाही. म्हणजे हे यकृताचंच काम, हे पक्कं झालं.

बायकांतच हे जास्त का दिसतं? पुरुषाचं जवळजवळ सगळं टेस्टोस्टेरॉन वृषणांतून येतं आणि ते मुळातच भरपूर असतं. बाईच्या रक्तात त्याच्या एक दशांशाहूनही कमी असतं, आणि त्यातलं जवळपास निम्मं अँड्रोस्टेनेडिओनपासून शरीरात इतरत्र तयार होतं. भरल्या हंड्यात तांब्याभर पाणी ओतलं तर कळत नाही. तेच पाणी वाटीत ओतलं की वाटी वाहते. आपली वाटी आहे, ताई. म्हणून पाळी, गर्भनिरोधक गोळी, गरोदरपण, दारू, प्रत्येक गोष्ट स्त्रीच्या आकड्यांना हलवते. उत्तेजकांच्या चाचण्यांचे मूळ आडाखे पुरुष खेळाडूंकडे पाहून बांधले गेले आणि स्त्रियांचं शरीर त्यात नंतर बसवलं गेलं, हे माझं मत आहे आणि मी ते वैद्यकीय बैठकांतही मांडत आले आहे.

या वाढीने कुणी जास्त वजन उचलत नाही, हेही लगेच सांगते. काही तासांची ही लाट स्नायू घडवत नाही. उलट रात्रीची झोप आणि सरावानंतरची भरपाई दोन्ही दारूने बिघडतात. तेवढ्यापुरती मी बहिणीवर जरूर रागावेन.

प्रयोगशाळा काय मोजते ते पाहू. लघवीत टेस्टोस्टेरॉनबरोबर त्याचा एक जुळा भाऊ असतो, एपिटेस्टोस्टेरॉन. शरीरात त्याचं काही विशेष काम नाही, पण तो मोजायला उपयोगी पडतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं तर टेस्टोस्टेरॉन वाढतं, एपिटेस्टोस्टेरॉन वाढत नाही, आणि दोघांचं प्रमाण बिघडतं. जर्मनीचे मान्फ्रेड डोनिके यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती आणली. आधी मर्यादा ६ ला १ होती, २००५ पासून ४ ला १. बहुतेक माणसांचं प्रमाण १ च्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. दारूने टेस्टोस्टेरॉन वर जातं, एपिटेस्टोस्टेरॉन थोडं खाली, आणि भागाकार वर चढतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिने सकाळची पहिली लघवी दिली, म्हणजे यकृत रात्रभर दारूशी झुंजत होतं त्याच तासांची. इतक्या वाईट वेळेचा नमुना ठरवून घ्यायचा म्हटलं तरी जमणार नाही.

पण ४ हा फाशीचा आकडा नाही. तिथून पुढची तपासणी सुरू होते. आणि २०१४ पासून एका आकड्यावर सगळं तोललंही जात नाही. प्रत्येक खेळाडूचा एक पासपोर्ट असतो. त्यात तिच्याच आधीच्या नमुन्यांवरून तिच्यासाठीची वरची आणि खालची रेघ काढतात. २०२३ पासून रक्तातल्या टेस्टोस्टेरॉन आणि अँड्रोस्टेनेडिओनचीही नोंद त्यात येऊ लागली. नवा आकडा त्या रेघांबाहेर गेला तर तज्ज्ञ बघतात: कारण काय असेल?

आणि इथे तुमच्या काळजीचं खरं उत्तर आहे. प्रयोगशाळेला बिअर दिसते. फॉर्मवर लिहा अथवा न लिहा, दिसतेच. शरीर दारूचा थोडासा अंश ग्लुक्युरॉनिक आम्लाला जोडून बाहेर टाकतं. त्या पदार्थाचं नाव इथिल ग्लुक्युरोनाइड. दारू काही तासांत उतरते, हा मात्र एखाद-दोन दिवस लघवीत राहतो, जास्त घेतली असेल तर त्याहूनही जास्त. स्टिरॉइडचे आकडे संशयास्पद दिसले की वाडाची मान्यता असलेली प्रयोगशाळा हा पदार्थ बघते. तो एका मिलिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅमच्या वर निघाला, तर अहवालात तशी खूण होते की या नमुन्यावर दारूचा परिणाम आहे, याचे आकडे पासपोर्टात इतरांसारखे धरू नका. दारूची उमटलेली नक्षीही ओळखीची असते: टेस्टोस्टेरॉनचं एपिटेस्टोस्टेरॉनशी प्रमाण वर, आणि अँड्रोस्टेरोनचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन मोडून होणाऱ्या पदार्थाचं, टेस्टोस्टेरॉनशी प्रमाण खाली.

त्यापलीकडेही शंका उरली तर शेवटची कसोटी कार्बनची. बाजारातलं कृत्रिम टेस्टोस्टेरॉन सोयाबीनसारख्या वनस्पतींच्या द्रव्यांपासून बनतं आणि त्यात जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, शरीरात तयार झालेल्या हार्मोनपेक्षा कमी असतो. यंत्र हा बारीक फरक मोजतं. बिअरने प्रमाण बदलेल, हार्मोनची कुळी बदलणार नाही. तिने बाहेरचं काही घेतलेलं नसेल तर ही कसोटी तिच्याच बाजूने बोलेल.

मग ते दुसऱ्यांदा का आले? नोंदणीतल्या खेळाडूकडे वर्षात अनेकदा येतातच, त्यात नवल नाही. दुसरी शक्यता अशी की पहिला नमुना वापरता आला नाही म्हणून पासपोर्ट पाहणाऱ्यांनी लवकर नवा मागवला. तसं असेल तर ते बहिणीच्या भल्याचंच आहे. शिबिरातला तो नमुना दारूविना आहे आणि तिचे नेहमीचे आकडे तो दाखवेल.

कळवायचं का, तर आज कुणाला अर्ज करायची गरज नाही. फॉर्मवर औषधं आणि पूरक आहार विचारतात, दारूसाठी वेगळा रकाना नाही. मात्र ‘शेरा’ लिहायला जागा असते. पुढे कधी असा प्रसंग आला तर तिथे सरळ लिहावं: काल रात्री बिअर घेतली. ती प्रत तिच्याजवळही राहते. काका शेजारी उभे असतील तर अधिकाऱ्याला ‘मला एकांतात लिहायचं आहे’ म्हणावं. मी कुणाही मुलीला यासाठी नाही म्हटलं नसतं. आत्ता तिने एवढंच करावं. एका वहीत त्या रात्रीचा सगळा तपशील लिहून ठेवावा. तारीख, किती वाजता सुरू केलं, कितीला थांबली, कोणती बिअर, किती, सोबत कोण. लग्नपत्रिका आणि गच्चीवरचे फोटो जपून ठेवावेत. आणि उद्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडून, म्हणजे नाडाकडून, खुलासा मागणारं पत्र आलंच तर हेच जसंच्या तसं सांगावं. एक ग्लास कमी नाही, एक ग्लास जास्त नाही.

मला खरी भीती त्या पत्राच्या वेळची वाटते. बिअरची नाही, लपवण्याची. आपल्याकडे मुलगा हळदीला नाचताना प्यायलेला असला तर सगळं वऱ्हाड हसून सोडून देतं. मुलीने घेतली तर घर कोसळतं. म्हणून मुली अशा वेळी काहीतरी दुसरंच सांगून बसतात. म्हणतात, कुणीतरी सरबतात काही मिसळलं. म्हणतात, खोकल्याचं औषध होतं. एकदा चौकशीसमोर खोटं गेलं की ते उत्तेजकविरोधी तपासात ढवळाढवळ केल्याचा गुन्हा ठरू शकतं, आणि त्याची वेगळी शिक्षा आहे. ज्या मुलीने काहीच चुकीचं घेतलं नव्हतं, तिचं करिअर काकांच्या भीतीने जाऊ नये. आईला सांगायचं की नाही हे तुम्ही दोघी ठरवा. पण एक मोठं माणूस तरी हे जाणणारं असू द्या, आणि ते माणूस तुम्ही आहातच.

आकडा कसा फसवू शकतो याचं मला कधीही न विसरता येणारं उदाहरण डायेन मोडाल यांचं आहे. ब्रिटनच्या ८०० मीटर धावपटू. जून १९९४ मध्ये लिस्बनच्या स्पर्धेत त्यांनी नमुना दिला. प्रमाण निघालं ४२ ला १. ऑगस्टमध्ये कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात राष्ट्रकुल स्पर्धेसाठी पोहोचल्या होत्या, तिथून त्यांना घरी पाठवलं. ४ वर्षांची बंदी आली. नंतर कळलं की तो नमुना उन्हाळ्यात थंड न ठेवता तसाच राहिला होता. तज्ज्ञांनी दाखवून दिलं की लघवीतल्या जिवाणूंमुळे बाटलीतच टेस्टोस्टेरॉन वाढू शकतं. १९९५ मध्ये अपिलात त्या सुटल्या, आणि १९९८ च्या क्वालालंपूर राष्ट्रकुलमध्ये त्याच ८०० मीटरला कांस्यपदक घेऊन परतल्या. आज प्रयोगशाळा जिवाणूंच्या खुणा तपासतात, दारूच्या खुणा तपासतात, कार्बन तपासतात. त्यातली बरीच सावधगिरी मोडाल यांच्यासारख्यांनी सोसलेल्यातून आली आहे. तुमच्या बहिणीला हे वाचून दाखवा आणि म्हणावं, पोटभर जेव.

प्रश्न : मॅडम, मी पश्चिम महाराष्ट्रात मुलींना खेळ शिकवतो, कोणता ते सांगत नाही. माझ्या एका मुलीचा नमुना पॉझिटिव्ह आला. मेटॅन्डिएनोन असं लिहिलंय. कुणीतरी सुचवलं की बायकांमध्ये दारूने हार्मोनचे रिपोर्ट बिघडतात, त्यामुळे आदल्या रात्री पार्टी होती असं तिने लिहून द्यावं. मुलगी गरीब घरची आहे, वडील ऊसतोड करतात. चार वर्षं गेली तर संपलीच ती. हे चालेल का?

उत्तर : सर, चालणार नाही, आणि तुम्ही तिला हे करू देऊ नका.

वर लिहिलेलं सगळं शरीरात स्वतः तयार होणाऱ्या हार्मोनबद्दल आहे. मेटॅन्डिएनोन कुठल्याही माणसाच्या शरीरात तयार होत नाही. ते कारखान्यात बनलेलं स्टिरॉइड आहे. जगातली कितीही दारू ते निर्माण करू शकत नाही. शिवाय तिने पार्टीचं लिहून दिलं आणि नमुन्यात इथिल ग्लुक्युरोनाइड निघालंच नाही, तर खोटं त्याच बाटलीतून उघडं पडेल. मग स्टिरॉइडच्या जोडीला ढवळाढवळीचा आरोप येईल, आणि तिला असं सांगणारे म्हणून तुमच्यावरही.

दारूच्या सबबीचा इतिहासही तुम्हाला माहीत असावा. अमेरिकेचा धावपटू डेनिस मिचेल याचं टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण १९९८ मध्ये वर निघालं. आदल्या रात्री बिअर आणि पत्नीशी संबंध, असं कारण त्याने दिलं. त्याच्या देशाच्या संघटनेने ते मानलं, पण आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने मानलं नाही आणि त्याच्यावर २ वर्षांची बंदी घातली. १९९६ च्या अमेरिकन ऑलिंपिक निवड चाचणीनंतर धावपटू मेरी डेकर स्लेनी यांनी गर्भनिरोधक गोळ्यांचं कारण सांगितलं होतं. गोळ्यांनी एपिटेस्टोस्टेरॉन घटतं हे वैद्यकीयदृष्ट्या खरं आहे. तरीही त्यांच्या बाबतीत तसंच घडलं हे लवादापुढे सिद्ध झालं नाही आणि १९९९ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. त्या निकालाबद्दल मला आजही पुरतं समाधान नाही, कारण स्त्रियांच्या आकड्यांबद्दल तेव्हा फार कमी ठाऊक होतं. पण दोघांकडे निदान शरीरात तयार होणाऱ्या हार्मोनचा प्रश्न होता. तुमच्या मुलीकडे तोही नाही.

तिला वाचवायचं असेल तर वाट दुसरी आहे. बी बाटली, म्हणजे त्याच नमुन्याचा राखून ठेवलेला दुसरा भाग, तपासून हवी का, हे दिलेल्या मुदतीत ठरवा. ते स्टिरॉइड तिच्या शरीरात कुठून गेलं ते शोधा: पावडरचा डबा, गोळ्या, इंजेक्शन, कुणी दिलं, पैसे कुणी भरले. दूषित पूरक आहार असेल तर डबा, बिल, बॅच क्रमांक जपून ठेवा, शिल्लक पावडर फेकू नका. आणि तिने जाणूनबुजून घेतलं असेल तर आरोपपत्र आल्यापासून २० दिवसांत गुन्हा मान्य करून शिक्षा स्वीकारली तर ४ वर्षांच्या बंदीतलं १ वर्ष कमी होतं. देणाऱ्याबद्दल ठोस माहिती दिली तर आणखी सूट मिळू शकते.

तुम्ही पत्रात ‘कुणीतरी सुचवलं’ असं लिहिलंय. ते सुचवणारे आणि स्टिरॉइड देणारे एकच असतील, तर ऊसतोड कामगाराच्या त्या लेकीच्या बाजूने तुम्ही उभं राहायला हवं, त्यांच्या बाजूने नव्हे. तिच्याकडे वकील नाही, इंग्रजी पत्र वाचून सांगणारं घरात कुणी नाही. तुम्ही आहात.

प्रश्न : स्पर्धेनंतर लघवी लवकर होत नाही. बिअर घेतली की पटकन होते असं सीनियर मुली सांगतात. घेतली तर चालते का? (धावपटू, १९ वर्षे)

उत्तर : नको. एके काळी नमुना देण्याच्या खोलीत बिअर सर्रास ठेवलेली असायची, तुझ्या सीनियर ऐकीव सांगत असतील. आता तिथे सीलबंद, दारू नसलेली पेयंच ठेवायची असतात.

मी स्वतः पाहिलेलं सांगते. एका राष्ट्रीय स्पर्धेत, मे महिन्यात, एका मुलीला तीन तास लघवी होईना. संघाबरोबरच्या एका गृहस्थांनी माझा डोळा चुकवून तिला बाटली आणून दिली. वीस मिनिटांत नमुना झाला खरा, पण पाण्यासारखा. लघवीची घनता मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यात ती १.००५ तरी हवी (नमुना १५० मिलिलिटर किंवा जास्त असेल तर आता १.००३). तिची १.००२ आली. तो चालत नाही, दुसरा द्यावा लागतो. दारूने लघवी वाढते आणि पातळ होते, मग जितकं पाणी प्यावं तितकं अजून पातळ. ती पोरगी रात्री साडेअकराला मोकळी झाली. तिची गाडी चुकली, पोटात अन्न नाही, डोकं गरगरतंय. मी बाटली वेळीच पाहिली नाही याची टोचणी मला अजून आहे. आणि त्या नमुन्यात हार्मोनचे आकडे हलले असते, तर त्याचा त्रास पुन्हा तिलाच.

शर्यत संपल्यावर थोडं थोडं पाणी पी, खारट काहीतरी खा, सावलीत बस. एकदम दोन लिटर पिऊ नकोस. बरोबर असलेल्या अधिकारी बाईला सांग की वेळ लागेल. थांबणं हे तिचं कामच आहे.

प्रश्न : मला पीसीओडी आहे, सोनोग्राफीत निघालं. राज्य संघातून हॉकी खेळते. रक्तात टेस्टोस्टेरॉन थोडं जास्त आलंय. मी डोपिंगमध्ये येईन का? गर्भनिरोधक गोळी आणि चेहऱ्यावरच्या केसांसाठी अजून एक गोळी चालू आहे. कधीतरी वाइन घेते.

उत्तर : पीसीओडीमुळे वाढलेलं टेस्टोस्टेरॉन तुझं स्वतःचं आहे. ते डोपिंग नाही. तुझा पासपोर्ट तुझ्याच आकड्यांशी तुलना करतो, मैत्रिणीच्या आकड्यांशी नाही. गर्भनिरोधक गोळीलाही मनाई नाही. फक्त ती सुरू केली किंवा बंद केली की एपिटेस्टोस्टेरॉन बदलतं, म्हणून प्रत्येक नमुन्याच्या फॉर्मवर गोळीचं नाव लिहीत जा. त्यावर आदल्या रात्रीची वाइन आली तर आकडा दोन्हीकडून ढकलला जातो. तेव्हा शेऱ्यात वाइनही लिही.

माझी खरी काळजी ती दुसरी गोळी आहे. चेहऱ्यावरच्या केसांसाठी आपल्याकडे बहुधा स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते लघवी वाढवणारं औषध म्हणून वाडाच्या यादीत आहे, आणि स्पर्धा असो वा नसो, बाराही महिने प्रतिबंधित आहे. पुढे कधी मूल हवं म्हणून क्लोमिफेन किंवा लेट्रोझोल दिलं तर तीही प्रतिबंधित. तुझ्या डॉक्टरांनी औषध चुकीचं दिलेलं नाही. समोर खेळाडू बसली आहे हे त्यांना माहीत नसेल, किंवा यादी माहीत नसेल. आजच गोळीचं पाकीट बघ. मागच्या बाजूला बारीक अक्षरात असलेलं औषधाचं मूळ नाव वाच, कंपनीने दिलेलं मोठ्या अक्षरातलं नाव नव्हे. स्पायरोनोलॅक्टोन असेल तर मनाने बंद करू नकोस आणि तशीच घेऊन मैदानातही उतरू नकोस. डॉक्टरांकडे जा, पर्याय विचार. पर्याय नसेल तर उपचारासाठी सवलतीचा अर्ज करावा लागतो आणि त्याला सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचं सविस्तर पत्र जोडावं लागतं. ते कागद एका फाइलमध्ये लावायला आजपासून सुरुवात कर.